संध्याकाळची अभिनय कार्यशाळा: गल्ला भरला, नाटक राहिलं

मागच्या व्हिडिओत एका अभिनय कार्यशाळेचा हिशेब फळ्यावर मांडला होता. हॉलभाडं, फी, चहापाणी, शिकवणाऱ्याचे तास, सगळं. आकडे बरोबर होते. पण मधली एक बॅच मी दोन वाक्यांत उरकली, कारण त्या बॅचला सल्ला माझा होता आणि तो चुकला होता. कॅमेऱ्यासमोर ते नीट सांगता आलं नाही. इथे सविस्तर लिहितो. ज्यांचे संध्याकाळचे क्लासेस आहेत, मग ते नाचाचे असोत, तबल्याचे असोत नाहीतर स्पोकन इंग्लिशचे, त्यांनी तरी वाचाच.

सांगलीत नाटकाचं वेड जुनं आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केलं आणि ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्यामुळेच. आजही गावात हौशी संस्था आहेत. हौशी म्हणजे काय, तर दिवसभर बँकेत, शाळेत, कुपवाडच्या एमआयडीसीत नाहीतर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम करायचं आणि संध्याकाळी तालमीला यायचं. राज्य नाट्य स्पर्धेत एक नाटक उतरवायचं म्हटलं तरी दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी जातात. त्याचे पैसे कुणाला मिळत नाहीत.

अशाच एका संस्थेचे दिग्दर्शक माझे गिऱ्हाईक. नाव लिहू नको म्हणालेत, म्हणून मी त्यांना नुसतं काका म्हणतो. त्यांची मुलं त्यांना सर म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ते दुकानात स्टीलचे पंधरा ग्लास घ्यायला आले. कशाला विचारलं तर म्हणाले, "कार्यशाळेला. कागदी कपात चहा परवडंना." मी हसलो. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि गल्ल्यावरच आमची पहिली मीटिंग झाली.

त्यांची पहिली बॅच अशी होती. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, सहा आठवडे. म्हणजे ३० संध्याकाळी. १४ जण, फी १,५०० रुपये. कागदावर २१,००० रुपये जमा. प्रत्यक्षात तिघांनी "देतो की सर" म्हणत एक रुपया दिला नाही, म्हणजे हातात १६,५००. खर्च बघा. शाळेच्या हॉलचं भाडं दिवसाला ४०० प्रमाणे १२,०००. चहा २,१००. आवाजावर दोन सत्रं घ्यायला बाहेरून एक जण बोलावले त्यांचे ३,०००. एकूण १७,१००. म्हणजे सहा आठवडे रोज शिकवून काकांच्या खिशातून ६०० रुपये गेले. वर ग्लास.

आता माझ्यासारख्या माणसाला हे दिसल्यावर राहवतंय होय! मी बीबीएत शिकलेलं सगळं बाहेर काढलं. हॉल हा ठरलेला खर्च, माणसं दहा असोत की तीस. मग माणसं वाढवा. फी वाढवा. आणि 'अभिनय' एवढंच लिहू नका, 'अभिनय आणि आत्मविश्वास' लिहा, म्हणजे विमा एजंट येतील, मुलाखतीची तयारी करणारी पोरं येतील, दुकानदारही येतील. काकांना ते फारसं पटलं नव्हतं. म्हणाले, "बघ की, तू म्हणतोस तर." त्या 'तू म्हणतोस तर'कडे मी लक्ष द्यायला पाहिजे होतं.

दुसऱ्या बॅचला २८ जण आले. फी २,५००, आणि ती आधी भरल्याशिवाय प्रवेश नाही हा नियम मी लावला. जमा ७०,०००. मोठा हॉल ७०० रुपये दिवसाला, म्हणजे २१,०००. पोस्टर आणि मोबाइलवरची जाहिरात ६,०००. चहा ४,५००. आवाजाची सत्रं ३,०००. खर्च ३४,५००. मी खूश होतो. पहिल्याच आठवड्यात काकांना म्हटलं, पुढची बॅच ४० ची करू.

दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन. "दुकान बंद झालं की एकदा येऊन जा. नुसता बघायला नको, करायला ये."

गेलो. कार्यशाळा म्हणजे नेमकं काय करतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला वाटायचं संवाद पाठ करून घेत असतील, हातवारे शिकवत असतील. तिथे तसलं काहीच नव्हतं. मी दारात चप्पल काढली तेवढ्यात काका म्हणाले, "दुकानदार आला. ये, कुकर वीक. पण मराठीत नाही. हिंदी-इंग्रजीतही नाही. कुठल्याच भाषेत नाही."

याला जिबरिश म्हणतात. अर्थ नसलेले आवाज काढत बोलायचं. व्हायोला स्पोलिन नावाच्या अमेरिकन बाईंनी शिकागोत मुलांबरोबर काम करताना असे खेळ रचले, १९६३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि जगभरच्या नाट्यशिबिरांत ते पसरले. शब्द काढून घेतले की माणसाकडे उरतं काय? डोळे, श्वास, आवाजाचा चढउतार, आणि समोरचा माणूस. मी अकरा वर्षं कुकर विकतोय. झाकण लावून दाखवलं, शिट्टी वाजवली, तळ किती जाड आहे ते बोटांनी दाखवलं, हात एवढे हलवले की घाम आला. समोर गिऱ्हाईक म्हणून कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणारी मुलगी उभी होती. काकांनी तिला विचारलं, काय विकलं यांनी?

"कायतरी वाजणारं. पण सर, त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही एकदाबी."

सगळे हसले, मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत ते डोक्यातून जाईना. माझ्यानंतर एस.टी.तला एक मेकॅनिक उठला. त्याला कंगवा विकायचा होता. तो काहीच बोलला नाही आधी. तिच्या केसांकडे बघितलं, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला, मग दोनच आवाज काढले, अगदी हळू. ती फिसकन हसली आणि तिने कंगवा घेतला. त्याचं सगळं लक्ष तिच्यावर होतं. माझं सगळं लक्ष कुकरवर.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की बघा, अभिनयाच्या क्लासात सेल्स शिकायला मिळतं, म्हणजे विमा एजंट बोलवायचा सल्ला बरोबरच होता. मलाही त्या रात्री तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र कोपऱ्यात बसून नुसता बघत राहिलो, आणि दुकानदाराची सवय म्हणून मोबाइलवर वेळ लावली.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं. त्यातली पंधरा अंग मोकळं करण्यात, पंधरा आवाजावर. उरली ९०. उरलेलं काम जोडीजोडीने होतं आणि एका वेळी एकच जोडी मधे असते, कारण काकांना दोघांवर नजर ठेवायची असते. २८ माणसं म्हणजे १४ जोड्या. ९० भागिले १४. एका जोडीला साडेसहा मिनिटंसुद्धा नाहीत. बाकी २६ जण भिंतीला टेकून, आणि भिंतीला टेकलेल्या माणसाच्या हातात पाचव्या मिनिटाला मोबाइल येतो.

साडेसहा मिनिटांत काय होत नाही ते सांगतो. सॅनफर्ड माइझ्नर या अमेरिकन शिक्षकाचा एक प्रसिद्ध व्यायाम आहे, पुनरावृत्तीचा. दोघं समोरासमोर. एक जण समोरच्यात खरोखर दिसतंय ते म्हणतो, दुसरा तेच आपल्या बाजूने परत म्हणतो. "तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय." "माझ्या शर्टाचं बटण तुटलंय." पुन्हा तेच. पुन्हा तेच. नवीन वाक्य सुचवायचं नाही. समोरच्यात खरंच काही बदललं, तरच वाक्य बदलायचं. ऐकायला बालिश वाटतं. पण काका म्हणाले ते मी नंतर घड्याळ लावून तपासलं. पहिली तीन-चार मिनिटं माणूस 'करून दाखवतो', आवाज बदलतो, विनोद करतो. मग हसायला येतं. मग कंटाळा येतो, करून दाखवायचं संपतं, आणि कुठेतरी आठव्या-दहाव्या मिनिटाला तो समोरच्याला पहिल्यांदा ऐकायला लागतो. पहिल्या बॅचमध्ये एका बँकेतल्या क्लार्कचं हे बटणाचं वाक्य अकराव्या मिनिटाला असं काही बदललं म्हणे, की समोरच्या कॉलेजच्या पोराचे डोळे भरले. शर्ट भावाचा होता. क्लार्कला ते माहीत असायचं कारण नव्हतं, त्याला फक्त पोराचा चेहरा दिसला आणि त्याने आवाज खाली घेतला. रंगमंचावर सहकलाकाराबरोबर हेच करायचं असतं, तेही पन्नासाव्या प्रयोगाला, पाठ असलेल्या वाक्यात.

२८ जणांच्या बॅचमध्ये प्रत्येक जोडी हसण्यापाशी थांबत होती. रोज. सहा आठवडे सगळे हसून घरी जात होते आणि माझ्या मते कार्यशाळा मस्त चालली होती.

तिसऱ्या आठवड्यात गळती लागली. सात जणांनी पैसे परत मागितले. काकांनी प्रत्येकाला निम्मे, म्हणजे १,२५० दिले. ८,७५० गेले. गंमत बघा, तरीही हिशेब फायद्यातच राहिला. ६१,२५० वजा ३४,५००, म्हणजे २६,७५० रुपये शिल्लक. काकांनी आयुष्यात नाटकातून एवढे पैसे पाहिले नव्हते. पण गेलेल्या सातांत चार जण असे होते ज्यांच्यावर त्यांचं त्या वर्षीचं स्पर्धेचं नाटक उभं राहणार होतं. ते भांडून गेले नाहीत. एक जण मला नंतर हरभट रोडवर भेटला, म्हणाला, "पाच मिनिटांच्या कामासाठी मिरजेहून दोन तास कुठं येऊ?" उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना नाटक करायचंच नव्हतं. त्यांना सभेत बोलायची भीती घालवायची होती. त्यात वाईट काही नाही, पण ते मी जाहिरात करून बोलावलेले होते.

त्या वर्षी संस्थेचं नाटक स्पर्धेत उतरलं नाही. काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. २६,७५० मधून त्यांनी संस्थेचे जुने दोन स्पॉटलाइट दुरुस्त करून घेतले, आणि ते तसेच कपाटात राहिले.

आता तिसरी बॅच. ही नुकतीच मार्चमध्ये संपली. या वेळी सल्ला कमी दिला आणि विचारलं जास्त.

काकांनी सुरुवात पैशापासून केली नाही, मिनिटांपासून केली. एका जोडीला १५ मिनिटं हवीत. ९० भागिले १५ म्हणजे ६ जोड्या. १२ माणसं. तेरावा आला तर नाव लिहून घ्यायचं आणि पुढच्या वेळी बोलवायचं. एवढं ठरलं, मग मी फीवर आलो. आठवड्यातून पाचऐवजी तीनच दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठ आठवडे. एकूण २४ संध्याकाळी. फी ३,६००, दोन हप्त्यांत. दोन जागा निम्म्या फीत, त्या कुणाला द्यायच्या ते काकांनी ठरवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं नाही. जमा ३९,६००. खर्च: जुनाच छोटा हॉल ९,६००, आवाजाची चार सत्रं ६,०००, खाणं आणि चहा ४,८००, संहितांच्या झेरॉक्स ८००, आणि काकांच्या हाताखाली असलेल्या मुलीला ४,०००. एकूण २५,२००. उरले १४,४००. तयारी धरून काकांचे रोजचे तीन तास, म्हणजे ७२ तास. तासाला २०० रुपये.

यावर कुणी बंगला बांधत नाही. काकांना पेन्शन आहे म्हणून हे चालतं, हेही खरं. ज्याचं घर कार्यशाळेवर चालवायचंय त्याने हे मॉडेल जसंच्या तसं उचलू नये.

खाण्याचे ४,८०० बघून मी आधी भुवया उंचावल्या होत्या. २४ दिवस, रोज २०० रुपये! पण संध्याकाळच्या वर्गाची खरी अडचण तिथेच आहे. माणूस सहाला कामावरून सुटतो, बस पकडतो, साडेसातला हॉलवर येतो, आणि दुपारी एकनंतर त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नसतं. पहिल्या बॅचमध्ये काका सुरुवातीला सगळ्यांना सतरंजीवर आडवं करायचे, शरीर सैल सोडायला. सकाळच्या शिबिरात हे छान चालतं. संध्याकाळी तिघं घोरायला लागले. आता साडेसातला शेंगदाणे, गूळ, केळी. पावणेआठला उभ्यानेच सुरुवात. हॉलभर चालणं, वेग बदलणं, कुणाशी नजर भिडली की थांबणं, टाळी एकाकडून दुसऱ्याकडे 'पाठवणं'. दहा मिनिटांत दिवस उतरतो अंगावरून. घरी जायची शेवटची बस चुकू नये म्हणून शेवटही पक्का ठेवलाय, पावणेदहा म्हणजे पावणेदहा. 'अजून पाच मिनिटं' हा शब्द बंद.

आवाजाचंही तसंच. या बॅचमध्ये एक प्राथमिक शिक्षिका होत्या. दिवसभर वर्गात बोलून त्यांचा घसा संध्याकाळी आधीच दमलेला असायचा. अशा माणसाला "मोठ्याने म्हणा" सांगितलं की आवाज फाटतो. म्हणून आधी तोंड मिटून गुणगुणणं, मग लहान मुलं करतात तशी ओठांची फुरफुर, मग बरगड्या रुंदावत श्वास. जोर शेवटी. आवाजाचे सत्र घेणाऱ्या बाईंनी एक गोष्ट दाखवली ती मी तेव्हापासून रोज दुकानात ऐकतोय. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि आपला श्वास नेमका तिथेच संपतो. "मी उद्या येणार नाही" यातला 'नाही' शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर प्रेक्षकाला उलटंच ऐकू येतं. त्यांनी सगळ्यांना साधी वाक्यं दिली आणि फक्त शेवटचा शब्द मागच्या भिंतीवर ठेवून यायला सांगितलं. न ओरडता. माझ्या व्हिडिओत मीही वाक्यांची शेपटं गिळतो. मागचे तीन ऐकून बघा, कळेल.

माझ्या धंद्याच्या वहीत यातून एक नवीन रकाना आलाय. कुठलाही क्लास चालवणारा माणूस सल्ल्याला आला की मी आधी विचारतो, तुमच्या एका विद्यार्थ्याला एका तासात स्वतःच्या हाताने करायला किती मिनिटं मिळतात? बहुतेकांनी हे कधी मोजलेलं नसतं. परवा एक शिवणक्लासवाल्या ताई आल्या होत्या. २० मुली, मशिन ६. त्यांनी तिथेच बोटं मोजली आणि गप्प बसल्या. वाहनचालक शाळा, कॉम्प्युटर क्लास, पोहण्याची बॅच, सगळीकडे हेच लागू आहे असं मी म्हणत नाही. व्याख्यान ३०० लोकांना दिलं तरी बिघडत नाही. जिथे शिकणाऱ्याला चुकायला वेळ लागतो आणि त्या चुकीकडे कुणीतरी बघत असावं लागतं, तिथे हे गणित आधी करा, फी नंतर ठरवा.

काकांच्या १२ पैकी ११ जण शेवटपर्यंत टिकले. एकीची बदली झाली. त्या ११ मधून आठ जणांना घेऊन नाटक बसतंय, वाचन सुरू झालंय. मेकॅनिक त्यात आहे, कुपवाडची ती मुलगीही आहे, आणि मिरजेचा तो परत आलाय.

एक अडचण मात्र नवीन आहे. जूनपासून शाळेला संध्याकाळी हॉल जादा तासांना हवाय. दुसरे हॉल बघितले, ६०० च्या खाली कुणी बोलत नाही. १२ माणसांत २४ दिवसांचे ४,८०० जादा म्हणजे काकांचा तासाचा दर २०० वरून १३३ वर येतो. फी वाढवायची तर निम्म्या फीच्या जागा जातील, आणि तेरावा-चौदावा माणूस घ्यायचा तर आपण परत पहिल्या पानावर. मी दोन रात्री आकडे फिरवून बघितले.

दुकानाच्या मागे माझं गोडाऊन आहे, १८ बाय २४ फुटांचं. मधे खांब नाही. सध्या तिथे ठोक मालाची खोकी आणि लग्नसराईचे जुने हंडे पडलेत. वरच्या माळ्यावर किती माल चढेल ते बघायचंय, पंखे दोन लागतील, आणि शेजारच्यांना रात्री पावणेदहापर्यंत आवाज चालेल का ते विचारायचंय. रविवारी दुकान बंद असतं. काका सकाळी दहाला टेप घेऊन येतायत.